चित्रांखालची नावं

वडिलांना खरं तर पेटी हवी होती. जिल्ह्यातला एक गोरा अधिकारी विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याच्या बंगल्यातल्या सामानाचा लिलाव झाला. खुर्च्या, कंदील, चिनी मातीची भांडी लोकांनी उचलली. वडील कोर्टात नक्कलनवीस होते आणि घरच्या कागदांना लागणाऱ्या वाळवीला कंटाळले होते, म्हणून त्यांनी कापराच्या लाकडाची एक पेटी घेतली. घरी आणून उघडली तर तळाशी दोन जाडजूड इंग्रजी पुस्तकं निघाली. एक हिंदुस्थानातल्या पक्ष्यांचं आणि दुसरं सस्तन प्राण्यांचं. मधूनमधून रंगीत चित्रं, आणि प्रत्येक चित्रावर झिरझिरीत पातळ कागद.

ही गोष्ट एकोणीसशे तीस सालाच्या आगेमागची. मी तेव्हा रत्नागिरीत मुलींच्या एका शाळेत शिकवत होते. लग्नानंतर थोड्याच काळात विधवा होऊन माहेरी परत आले होते. वडिलांनी नातेवाइकांचं काही ऐकून न घेता मला पुण्याला पाठवून शिक्षिकेचा अभ्यासक्रम पुरा करायला लावला होता. पुस्तकं चाळून झाल्यावर मी त्यांना विचारलं, "शाळेत नेऊ का ही?"

"ने," ते म्हणाले. "मला पेटी हवी होती, ती मिळाली."

आमच्या क्रमिक पुस्तकात पक्ष्यांचे धडे होते, पण चित्रं अंगठ्याच्या नखाएवढी आणि काळ्या शाईत बुडालेली. घार कुठली आणि कावळा कुठला हे खाली लिहिलं होतं म्हणून समजायचं. अशा वर्गात मी ते पक्ष्यांचं पुस्तक पहिल्यांदा उघडलं आणि चित्रावरचा पातळ कागद उचलला, तेव्हा मुली माना उंचावून बघू लागल्या. खंड्याचं चित्र होतं. पाठीचा निळा रंग इतका ताजा, की पुढे बसलेल्या एका मुलीने बोट पुढे केलं आणि पटकन मागे घेतलं. "बाई, ओला आहे का रंग?" तिने विचारलं.

नावं इंग्रजीत होती. माझं इंग्रजी जेमतेम, वडिलांचं कोर्टापुरतं. रात्रीचं जेवण झालं की आम्ही दोघं पुस्तक मधे ठेवून बसत असू. वडील खालचा मजकूर वाचून सांगत आणि चित्र बघून हा कुठला पक्षी असेल ते आम्ही ठरवत असू. ठरलं की मी कागदाच्या चिठ्ठीवर मोठ्या अक्षरात मराठी नाव लिहीत असे. चिठ्ठ्या चिकटवायच्या नाहीत असं मी ठरवलं होतं. त्या सुट्या ठेवायच्या, म्हणजे मुलींना रोज त्या आपल्या हाताने योग्य चित्राखाली मांडता येतील.

त्यातही वाद होत. मी 'भारद्वाज' लिहिलं तर झाडगावची एक मुलगी म्हणाली, "बाई, हा कुंभारकुकडा." दुसरी म्हणाली, "आमच्याकडे कुकुडकुंभा म्हणतात." मग मी तिन्ही नावं लिहिली. काही पक्षी कोणीच पाहिले नव्हते. त्यांच्यासाठी कोरी चिठ्ठी ठेवली. ती कोरी चिठ्ठी मुलींना सहन होत नसे. घरी जाऊन आजोबांना, काकांना विचारून येत आणि सकाळी घंटा व्हायच्या आधी दारात उभ्या राहत.

प्राण्यांच्या पुस्तकाने तर एकदा वर्गात भांडणच लावलं. त्यात वटवाघळाचं चित्र होतं. "हे ह्या पुस्तकात चुकून आलंय," एकीने सांगितलं. "ते उडतं, म्हणजे पक्ष्यांच्यात पाहिजे."

"पंख आहेत, पण पिसं आहेत का बघ," मी म्हटलं. "आणि ते अंडी घालत नाही. पिल्लाला दूध पाजतं. जे पिल्लाला दूध पाजतं ते सगळं ह्या पुस्तकातलं."

वर्ग विचारात पडला. मग मागून आवाज आला, "म्हणजे आपण पण ह्याच पुस्तकातल्या ना, बाई?"

"हो," मी म्हटलं. "आपण पण."

जिची ही गोष्ट, ती मुलगी आमच्या शाळेत आली त्याच वर्षी, उन्हाळ्याच्या आधी. तिची आई मासळी विकणारी. मांडवीकडच्या वस्तीतली. टोपली दाराबाहेर ठेवून मुलीला हाताला धरून ती आत आली. मुलगी सात-आठ वर्षांची असेल, सावळी, केस उन्हाने तांबूस झालेले.

"बाई, हिला ऐकू येत नाय," आई म्हणाली. "बोलत पन नाय. पन वेडी नाय ही. मी दिवसभर बाजारात असते. हिचा बापूस गलबतावर. ही एकटी खाडीच्या कडेला फिरत ऱ्हाते. एखाद्या दिवशी भरती घेऊन जाईल. नुसती बसूदे तुमच्याकडं."

शाळेच्या मोठ्या बाईंना ते पटेना. त्या कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. "पटावर नाव घालायचं तर परीक्षा घ्यावी लागेल. हिची परीक्षा कशी घेणार?" त्यांनी मला बाजूला घेऊन विचारलं.

"नाव नको घालूया. नुसती बसेल."

"आणि तपासनीस आले म्हणजे?"

"पाहुणी आहे म्हणू."

त्या हसल्या नाहीत, पण नाहीही म्हणाल्या नाहीत.

पहिले काही दिवस ती दाराशी बसून बाहेर बघत असे. मुली पाढे म्हणत, कविता म्हणत, आणि त्या सगळ्या आवाजात ती दगडासारखी. मी तिच्यापुढे पाटी ठेवली. तिने पाटीवर रेघा ओढल्या आणि थुंकीने पुसल्या. कोणी खांद्याला हात लावला की दचके. मला वाटायला लागलं होतं, की तिला सांभाळण्यापलीकडे आपल्याकडून काही होणार नाही.

मग एका दुपारी मी पाणथळीतल्या पक्ष्यांचं पान उघडलं होतं. त्यात एक छोटा, मातकट रंगाचा, किनाऱ्यावर फिरणारा पक्षी होता. वडिलांनी आणि मी त्याच्या चिठ्ठीवर 'तुतारी' असं लिहिलं होतं. मुली पुस्तकाभोवती दाटीने उभ्या होत्या. ती कधी उठली आणि कधी आत घुसली ते कळलं नाही. तिने चित्र पाहिलं. मग मागे सरकून मोकळ्या जागेत गेली, आणि चवड्यांवर तुरूतुरू धावली. थांबली. कमरेतून दोनदा खालीवर झाली. पुन्हा तुरूतुरू धावली.

मुली हसायला लागल्या. पण मांडवीची एक मुलगी ओरडली, "बाई, अगदी तस्सं! पाण्याच्या काठाला तो असाच चालतो!"

मी घाईने पान उलटलं. बगळा. ती एका पायावर उभी राहिली आणि मान हळूहळू पुढे नेऊन झटकन खाली मारली. घार. तिने दोन्ही हात पसरले आणि न हलवता वर्गाला एक फेरी मारली. प्राण्यांचं पुस्तक आणलं. ऊद, म्हणजे पाणमांजर दाखवलं, तर ती जमिनीवर पोटाने सरपटत गेली आणि दोन्ही हातांत मासा धरून खाण्याचं करायला लागली. ह्या मुलीजवळ सांगण्यासारखं इतकं होतं आणि आजवर तिला कोणी विचारलंच नव्हतं.

त्या दिवसापासून शिकवण्याची रीत बदलली. ती करून दाखवायची, बाकीच्यांनी नाव सांगायचं आणि चिठ्ठी शोधून चित्राखाली ठेवायची. चिठ्ठ्या ठेवताना ती टक लावून बघत असे. सुरुवातीला मला वाटे, हात बघते आहे. पण एकदा चिठ्ठ्या सगळ्या वाऱ्याने उडाल्या. मुलींनी गोळा केल्या, आणि तिने त्यातली एक उचलून खंड्याच्या चित्राखाली नेऊन ठेवली. बरोबर होती. योगायोग असेल म्हणून मी पुस्तक मिटलं आणि नुसती चिठ्ठी तिच्यासमोर धरली. तिने माझ्याकडे पाहिलं, अक्षरांकडे पाहिलं, आणि दोन्ही तळवे जोडून हवेतून खाली सूर मारला.

कागदावरच्या त्या रेघा म्हणजे तोच पक्षी, हे तिला कळलं होतं. तिला एकही अक्षर ऐकू न येता कळलं होतं.

नावांनंतर मी क्रियांच्या चिठ्ठ्या केल्या. उडतो. पोहतो. चालतो. खातो. ती आता एका चिठ्ठीपुढे दुसरी लावू लागली. 'बगळा' पुढे 'उडतो'. एकदा तिने, माझ्यासाठी केलेल्या 'बाई' ह्या चिठ्ठीपुढे 'उडतो' लावलं आणि माझ्याकडे बघून खो खो हसली. तिचा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

पावसाळ्यात गलबतं किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात आणि खलाशी घरी असतात. तिचे वडील फतेमारीवर, म्हणजे मोठ्या शिडाच्या गलबतावर होते, मंगळुरी कौलं घेऊन मुंबईला जाणाऱ्या. आषाढात एक दिवस ते तिला सोडायला शाळेत आले. उंच, वाकून दारातून आत येणारा माणूस. सदरा पावसाने ओला झालेला. शाळेत यायची सवय नसल्यामुळे उंबरठ्यापाशीच उभे राहिले.

मुलगी मात्र लगबगीने चिठ्ठ्यांच्या डबीपाशी गेली. सगळ्या उलटसुलट केल्या. तिला हवी ती सापडेना. मग ती माझ्याकडे आली, वडिलांकडे बोट दाखवलं, आणि रिकामा हात माझ्यापुढे धरला. ह्यांची चिठ्ठी कुठे आहे, असं ती विचारत होती.

मी कागद फाडून त्यावर लिहिलं, 'बाबा'. तिने ती चिठ्ठी नेली आणि त्यांच्या छातीवर तळव्याने दाबली. ओल्या सदऱ्यावर ती आपोआप चिकटून राहिली.

त्यांनी मान वाकवून बघितलं. "काय लिवलंय बाई ह्याच्यावर?"

"बाबा," मी सांगितलं.

त्यांनी चिठ्ठीची कड अंगठ्याने दाबून धरली. मग म्हणाले, "म्हंजी हाक मारली तिनं मला."

चिठ्ठी काढून घ्यायला मी पुढे झाले, तर त्यांनी हाताने नको म्हटलं. छत्री छातीपुढे धरून, पाठीवर पाऊस घेत ते घरी गेले.

नारळी पौर्णिमेनंतर गलबतं पाण्यात लोटली. ते गेले. दिवाळी झाल्यावर समुद्रात अवेळी तुफान झालं. आम्हाला इथे नुसता वारा जाणवला, आंब्याच्या फांद्या मोडल्या एवढंच. मग दुसऱ्या एका गलबताचा तांडेल, खलाशांचा म्होरक्या, बातमी घेऊन आला. ती फतेमारी कौलांसकट बुडाली होती. कोणाचा देह हाती लागला नाही.

मुलगी शाळेत यायची थांबली. मी भेटून आले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं, बोलता आलं नाही. आठ-दहा दिवसांनी तिची आई आमच्या घरी आली. कपाळ पांढरं, हात मोकळे. माझ्या वडिलांना बघून ती पायरीवरच बसली. मी तिच्याशेजारी जाऊन बसले.

"बाई, तिला कसं सांगू?" ती म्हणाली. "माज्या कपाळाकडं बघते. हाताकडं बघते. मग सांजच्याला बंदरावर जाऊन बसते, बापूस येनार म्हनून. मी दर्याकडं बोट करून रडले, मान हलवली. तिनं माजे डोळे पुसले आनि परत बंदरावर जाऊन बसली. नातेवाईक म्हनतात, नको सांगू, पोर लहान हाय, विसरंल. ती काय विसरायची नाय. ती वाट बघत ऱ्हाईल." थोडं थांबून ती म्हणाली, "तुमी तिला एवढं शिकवलंत. हे पन शिकवा."

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणणं मला शक्यच नव्हतं. माझे यजमान गेले तेव्हा मला कोणी सांगितलं नव्हतं. मी परसात तांदूळ निवडत होते. घरातल्या थोरल्या बाईने येऊन माझे दोन्ही हात धरले आणि बांगड्या जात्यावर फोडल्या. काय झालं ते मला त्या काचांवरून समजलं. त्या मुलीला तर काचांवरूनही समजलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी दोन्ही पुस्तकं पहिल्यापासून शेवटपर्यंत उलटली. मला एक मेलेलं पाखरू हवं होतं. एकही नव्हतं. सगळे पक्षी फांदीवर ताठ बसलेले, सगळ्यांचे डोळे उघडे आणि चमकणारे. हरणं चरत होती, बिबट्या पाणी पीत होता. माझे वडील बाजूला बसून बघत होते. ते म्हणाले, "ही चित्रं काढताना मेलेलाच पक्षी पुढे ठेवतात. पेंढा भरून. चित्रात तो जिवंत करायचा, हेच चित्रकाराचं काम." मग त्यांनी माझ्या हातातलं पुस्तक मिटलं. "ह्यात नाही मिळायचं तुला ते."

तिच्या आईला सांगून मी तिला रत्नागिरीत ज्याला पांढरा समुद्र म्हणतात त्या किनाऱ्यावर घेऊन गेले. तुफानानंतर समुद्र बरंच काही बाहेर टाकतो. सुरूच्या झाडांच्या पुढे, ओहोटीच्या रेषेवर, शेवाळ आणि काटक्यांमध्ये आम्हाला एक मेलेला कुरव पक्षी सापडला. तिला तो लगेच ओळखता आला. चिठ्ठ्या बघून पाटीवर ती नावं गिरवायला ती शिकली होती; तिने वाळूत बोटाने लिहिलं, 'कुरव'. मग त्याच्याकडे बघत राहिली. त्याला बोट लावलं. पंख उचलला, तो परत पडला. मग तिने त्याला दोन्ही हातांत घेऊन उभं राहून जोराने वर फेकलं. तो दगडासारखा खाली आला. तिने पुन्हा उचलून फेकलं. पुन्हा तसंच झालं. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हाताने विचारलं, का उडत नाही?

मी तिच्या 'कुरव'पुढे वाळूत लिहिलं, 'मेला'.

हा शब्द तिला नवा होता. तिने तो दोनदा वाचला. पक्ष्याच्या डोळ्यावर आलेला पांढुरका पडदा बघितला. चोचीला नाक लावून वास घेतला. मग हळूच त्याला वाळूवर ठेवलं. शब्द तिला समजला होता, हे मला दिसलं.

आता पुढचं. माणसाला आपण मेला म्हणत नाही. गेला म्हणतो, वारला म्हणतो. पण 'गेला' तिच्या ओळखीचा होता. बाबा दर वर्षी जात आणि दर वर्षी येत. म्हणून मला तोच शब्द लिहावा लागला. मी खाली वाकले आणि दुसऱ्या ओळीत लिहिलं, 'बाबा मेला'.

तिने ते वाचलं आणि पायाने पुसून टाकलं.

मी परत लिहिलं. तिने परत पुसलं, ह्या वेळी दोन्ही पायांनी, वाळू उडवत. मग मला ढकललं. माझ्या अंगावर मुठी मारल्या. मी मारू दिल्या. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते मी पुसलं नाही, कारण तिला दिसायला हवं होतं. मी पुन्हा लिहिलं. ती त्या शब्दांसमोर उभी राहिली. खूप वेळ उभी राहिली. मग गुडघ्यांवर बसली आणि तिच्या तोंडून एक आवाज निघाला, ज्याला अक्षरं नव्हती.

नंतर तिने हातांनी खळगा केला, कुरवाला त्यात ठेवलं आणि वाळू लोटली. मग त्या दोन शब्दांवरची वाळू ओंजळीत घेतली आणि तीही त्याच खळग्यावर आणून टाकली. मी तिला थांबवलं नाही.

घरी पोचलो तेव्हा तिची आई दारात उभी होती. मुलगी तिच्याजवळ गेली आणि तिचा उजवा हात धरला. मग मोकळ्या मनगटावरून, जिथे बांगड्या असत तिथून, हळूहळू बोट फिरवलं. आईने तिला पोटाशी धरलं. मी तिथून निघाले.

त्यानंतर ती बंदरावर बसली नाही. शाळेत आली, आणि पुढची दोन-तीन वर्षं येत राहिली. वाचायला शिकली, मोजकं लिहायला शिकली. लहान मुलींना पुस्तकातली चित्रं दाखवायचं काम मी तिच्याकडे दिलं. तिच्यापुढे बसलेल्या मुली बोलायच्या कमी आणि बघायच्या जास्त. मोठ्या बाईंनी कधीतरी तिचं नाव पटावर घातलं होतं. मला न सांगता.

मग तिच्या आईने बुरोंडीला, आपल्या भावाकडे जायचं ठरवलं. एकटीला इथे निभेना. त्या निघताना मी पक्ष्यांचं पुस्तक मुलीला दिलं. तिने ते छातीशी धरलं, आणि प्राण्यांचं पुस्तक हाताने थोपटून माझ्याकडे सरकवलं, हे तुझ्याकडे असू दे, अशा अर्थाने. पुढच्या वर्षापासून मी पक्षी शिकवायला मुलींना भाट्याच्या खाडीवर नेऊ लागले. मोठ्या बाई कधी कधी छत्री घेऊन बरोबर येत.

बऱ्याच वर्षांनी तिची आई मला शोधत शाळेत आली. केस पिकले होते. मुलगी बरी आहे म्हणाली. मामाकडे जाळी विणते, फाटलेली तुणते, हात चांगला आहे. तिन्हीसांजेला वाडीतली पोरं तिच्याभोवती जमतात, पुस्तक उघडतं. खाऱ्या हवेने पानं सुटली आहेत, ती तिने दोऱ्याने शिवली.

"बापाची आठवण काढते?" मी विचारलं.

"काढते की. पन दर्याकडं बोट करत नाय. खाली, जमिनीकडं करते. वाळूत हाय म्हनते." ती पदराशी चाळा करत राहिली. "मी पन तसंच धरलंय, बाई. दर्यात कुटं शोधायचं मानसाला? म्हनून आले मी. ती जागा दाखवा मला."

आम्ही दोघी किनाऱ्यावर गेलो. इतक्या पावसाळ्यांनी वाळू किती वेळा उचलून नेली आणि आणून टाकली असेल. सुरूची काही झाडंही पडली होती. मी उरलेल्या झाडांपासून अंदाजाने चालत गेले आणि थांबले.

"इथेच," मी म्हटलं.

तिने पिशवीतून नारळ काढला, वाळूवर ठेवला आणि हात जोडले. मग डोक्यावरचा पदर सारखा करून ती जरा बाजूला सरकली, मला बसायला जागा करून दिली. भरती सुरू होईपर्यंत आम्ही दोघी तिथे बसून होतो.